बिनगाठीचे टाके

कोसा कसा धुवायचा हे मला कोणी शिकवू नये, असं मी लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी सासूबाईंना ऐकवून टाकलं होतं. माझं माहेर आंधळगावचं. आमच्या आळीत दिवसभर हातमागांची खटखट चाले आणि मागावर कोसाच असे, रानातल्या कोशांचं रेशीम. आम्ही मात्र विणकर नव्हतो. वडिलांचं धान्याचं दुकान होतं. माग होता तो शेजारच्या काकांकडे. शाळेतून आले की मी त्यांच्या ओसरीवर जाऊन बसायची. जंगलातून आलेले कोश मोठ्या गंजात सोड्याच्या पाण्यात शिजत, सगळ्या आळीत उग्र वास सुटे, आणि काकू शिजलेल्या कोशांचा धागा मांडीवर वळून काढत. एवढं पाहिल्यावर मला वाटलं, कोसा आपल्याला येतो. दुसऱ्याच्या चुलीपुढे बसून कोणी सुगरण होत नाही, हे कळायला माझ्या सासूबाईंचं एक लुगडं खर्ची पडलं.

सत्तरच्या दशकाची अखेर असेल. आम्ही जवाहरनगरला क्वार्टरमध्ये राहत होतो. दोन खोल्या, मागे मोरी आणि हातभर अंगण. हे फॅक्टरीत होते. भोंगा वाजला की जायचे, भोंगा वाजला की यायचे. सासूबाई अर्धं वर्ष आमच्याकडे आणि अर्धं वर्ष लाखनीकडच्या आपल्या खेड्यात, धानाच्या शेतावर. सासरे मी पाहिलेच नाहीत. ते माझ्या लग्नाआधीच गेले होते.

त्या लुगड्याबद्दल सांगायला हवं. मधाच्या रंगाचा नऊवारी कोसा, आणि त्याला लाल सुती करवतकाठ. करवतीच्या दात्यांसारखे काठाचे दाते अंगाच्या रेशमात घुसलेले, आणि काठ जिथं अंगाला जोडलेला तिथं उलट बाजूनं बोट फिरवलं तर बारीक उंचवटा लागे. सासूबाईंच्या घरात पहिल्यांदा महालक्ष्म्या बसल्या, त्या वर्षी सासऱ्यांनी ते आणलं होतं. भाद्रपदातले महालक्ष्म्यांचे तीन दिवस ते अंगावर असे, बाकी वर्षभर पेटीत. आमच्याकडे सोवळंओवळं फार कडक नव्हतं, पण महालक्ष्म्यांच्या पूजेला आणि स्वयंपाकाला कोसा नेसलाच पाहिजे, हे मात्र होतं. सासूबाईंकडे रेशीम म्हणून तेवढं एकच होतं.

त्याची निगा त्या अशी ठेवत, की मला कधी कधी त्या लुगड्याचा हेवा वाटे. मला तापात कोणी इतक्या हळू हातानं धरलं नसेल. सणाच्या चार दिवस आधी रिठे भिजत पडत. दुसऱ्या दिवशी ते कुस्करून, फेस काढून, पाणी फडक्यातून गाळून घ्यायचं. त्या कोमट पाण्यात लुगडं नुसतं दाबायचं आणि उचलायचं. घासायचं नाही, आपटायचं नाही, पिळायचं तर नावच नाही. मग दोन साध्या पाण्यांतून काढून जुन्या धोतरात गुंडाळायचं, म्हणजे पाणी आपोआप टिपलं जातं. वाळवायचं सावलीत, उलट बाजू वर करून. दमट असतानाच उलट्या बाजूनं मंद इस्त्री. सण झाला की पुन्हा हेच सगळं, आणि पेटीत ठेवताना दर वर्षी घडी वेगळ्या जागी, कारण एकाच घडीवर कोसा कातरतो. या सगळ्यात माझं काम एकच, वाळत घालताना दुसरं टोक धरायचं.

मी सासूबाईंना म्हणायची, "द्या ना आत्याबाई, मी धुते. मी आंधळगावची हाय."

त्या हसून म्हणायच्या, "पाहणारी हायेस तू. करणारी नाही."

हे हसणं मला झोंबे. मी स्वभावानं तापट, आणि त्या वयात तर नाकावर माशी बसू देत नव्हते.

लुगड्याला दोन खुणा होत्या. पदरावर तीन बोटं रुंद तेलाचा डाग, कधी काळी वडे तळताना उडालेल्या तेलाचा, काळपट पडलेला. आणि त्याच्याच खाली वीतभर अंतरावर तांदळाच्या दाण्याएवढं भोक सासूबाईंनी स्वतः टाके घालून बुजवलेलं. पदर खोचताना त्यांचं बोट नेमकं त्या टाक्यांवर जाई. सवयच होती ती.

त्या वर्षी श्रावणात त्या शेतावर गेल्या होत्या. निंदण चालू होतं. वाकून गवत काढताना धानाचं पातं डोळ्यात शिरलं. दोन दिवस त्यांनी अंगावर काढलं, आणि डोळा लालबुंद होऊन पाणी गळायला लागल्यावर दीर त्यांना भंडाऱ्याला दवाखान्यात घेऊन आले. डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधली. दुखावलेला एकच, पण एक हलला की दुसरा हलतो म्हणून दोन्ही. पट्टी काढायची नाही, धुरात जायचं नाही, आणि रडायचं तर मुळीच नाही.

मी रोज डबा घेऊन जात होते. महालक्ष्म्यांना पाच दिवस उरले तेव्हा त्या पलंगावर पडल्या पडल्या म्हणाल्या, "या खेपेले तुलेच कराव लागते. लुगडं काढ पेटीतलं. रिठे आजच भिजू घाल. पाणी कोमट ठेवजो, उकळू नोको. दाबजो, पिळू नोको. अन् त्या डागाच्या मांगं लागू नोको, तो राहू दे."

"मालूम हाय मले," मी म्हटलं.

"मालूम त हाय तुले सारंच," त्या म्हणाल्या. पट्टीमुळे त्या हसल्या की नाही ते कळलं नाही. मी धरून चालले की हसल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी हे कामावर गेल्यावर मी लुगडं काढलं. रिठ्याच्या पाण्यात अगदी त्यांच्यासारखं दाबून दाबून धुतलं. इथंच थांबले असते तर हे सगळं लिहायची वेळ आली नसती. पण ओल्या कापडावर तो डाग आणखी काळा दिसायला लागला. मला वाटलं, इतक्या वर्षांत यांना जो काढता आला नाही तो आपण काढून दाखवायचा. पट्टी सुटेल, लुगडं पाहतील, आणि मग कळेल कोण पाहणारी आणि कोण करणारी.

मला आठवला तो काकांकडचा गंज. कोश सोड्यात शिजतात, त्यांचं काही बिघडत नाही, उलट चकाकी येते. मग कोशाच्याच कापडाचं काय बिघडणार? आधी वाटलं फक्त पदर बुडवावा. मग वाटलं, पदर उजळला आणि बाकीचं तसंच राहिलं तर वाईट दिसेल. म्हणून अख्खं लुगडं बुडवलं. शेगडी पेटवून गंज ठेवला, दोन मुठी धुण्याचा सोडा टाकला. वास सुटला, तोच माझ्या लहानपणचा वास, आणि मला, खरं सांगते, माहेरी आल्यासारखा आनंद झाला. मी गाणं म्हणत होते.

पाणी आधी चहासारखं झालं, मग काठाचा रंग सुटून लालसर. मी काठीनं लुगडं वर उचललं तर ते काठीला चिकटून लोंबायला लागलं. कोसा असा लोंबत नाही. त्याला ओला असतानाही अंग असतं. थंड पाण्यात काढून हातात घेतलं, तर ते फडक्यासारखं मऊ, आणि त्याची सळसळ गेलेली. डाग कुठं आहे ते पाहायला पदर पसरला. डाग गेला होता. जरा ताण दिला, तर सासूबाईंच्या टाक्यांपासून कापड फाटत गेलं, आवाजही न करता, ओल्या कागदासारखं.

मी मोरीत बसून राहिले. फॅक्टरीचा भोंगा वाजला तेव्हा दचकून उठले आणि ते लुगडं बादलीत घालून वर परात झाकली, जणू कोणी मेलेलं झाकावं.

हे आले. मी परात बाजूला केली. त्यांनी पाहिलं. मग म्हणाले, "आईले सांगून दे."

"तुम्ही सांगा."

"म्या काहून सांगू? तू उकडलं, तू सांग."

मी रडले, भांडले, आणि शेवटी त्यांच्याकडून कबूल करून घेतलं की ते तोंड उघडणार नाहीत. पट्टी आहे, रडायचं नाही असं डॉक्टर म्हणतात, आता सांगितलं तर डोळा जाईल, हे माझं कारण. कारण खोटं नव्हतं. पण मी त्याच्यामागे लपत होते हेही खरं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ते लुगडं पिशवीत घालून भंडाऱ्याला गेले आणि तिथून बस बदलून आंधळगावला. घरी आईशी दोन शब्दसुद्धा न बोलता थेट काकांच्या ओसरीवर. त्यांनी माग थांबवला. लुगडं मांडीवर घेतलं, पदराचं टोक दोन बोटांत चोळलं. कोणी केलं ते त्यांनी विचारलं नाही.

"सोडा कितीक?"

"दोन मुठी."

"अन् कितीक वेळ ठेवलं?"

"भोंगा व्हायच्या जरासं आधीपर्यंत."

काकांनी मान हलवली. "कोशाच्या अंगात डिंक असते पोरी. सोडा तो डिंक खाते. अन् तेबी आमी मोजून घालतो, मोजून काढतो. कापडात कुठला डिंक? मंग तो धागाच खाते."

इतक्या वर्षांत मी ओसरीवर बसून हे एक वाक्य कधी विचारलं नव्हतं.

"नवीन विणून द्याल काका? असंच?"

"महिना लागते. सण तीन दिवसावर हाय तुहा." मग त्यांनी ते फाटकं लुगडं घडी घालून, काठाला काठ जुळवून, नव्या मालासारखं माझ्या हातात दिलं. मला ते पाहवेना. "खरं सांगून दे," ते म्हणाले. "हे चांगलं माणसाच्या हातानं जपलेलं कापड हाय. असं माणूस समजून घेते."

मी मान डोलावली, आणि परतीच्या बसमध्ये बसल्या बसल्या नेमकं उलटं ठरवलं.

माझ्याकडे माझा स्वतःचा कोसा होता. लग्नात आईनं दिलेला, काकांच्याच मागावरचा, नऊवारी, लाल करवतकाठी. रंग तोच. काठ मात्र बोटभर अरुंद, आणि कापड नवं, दोनदाच नेसलेलं. सासूबाईंना दिसणार तर नव्हतंच. प्रश्न फक्त हाताचा होता, म्हणून मी त्या हाताला फसवायचं ठरवलं. नवेपणा जावा म्हणून माझा कोसा रिठ्याच्या पाण्यातून एकदा काढला, दुसऱ्या दिवशी पुन्हा, तिसऱ्या दिवशी पुन्हा. बाहेर झड लागलेली. खोलीत दोरी बांधून, पंखा लावून वाळवायचं, कापड दमट राहिलं तर वास धरेल म्हणून दर घटकेला हात लावून पाहायचं. मधल्या वेळात दवाखान्यात डबा.

"लुगडं झालं?" त्या रोज विचारत.

"होऊन राहिलं आत्याबाई. झडीमुळं वाळत नाही."

"वाळू दे हळूहळू. उन्हात नेऊ नोको घाईघाईनं."

ऊन होतंच कुठं? मी त्यांना वरणभात भरवत राहिले.

शेवटच्या दिवशी मला ते टाके आठवले. सासूबाईंचं बोट त्यांच्यावर जाणार आणि तिथं काहीच सापडणार नाही. मी माझ्या कोशाचा पदर पसरला, काठापासून मोजून जागा ठरवली आणि ब्लेडच्या टोकानं तांदळाच्या दाण्याएवढं भोक पाडलं. आईनं दिलेलं कापड होतं. तोपर्यंत मी स्वतःच्या भीतीनं रडत होते, त्या वेळी पहिल्यांदा लाजेनं रडले. मग सुईत धागा ओवला, गाठ मारली आणि टाके घातले. नीट जमले होते. त्यांच्या टाक्यांइतकेच बारीक.

महालक्ष्म्या यायच्या दिवशी सकाळी सासूबाईंना सुटी मिळाली. पट्टी अजून तशीच. हे त्यांना हाताला धरून घेऊन आले. आंघोळ झाल्यावर मी त्यांना लुगडं नेसवायला घेतलं.

"पिळलं त नाही ना?"

"नाही."

"शाबास."

एखादी थप्पड बसली असती तर सोसली असती.

निऱ्या त्यांनीच घातल्या. नऊवारी नेसायला डोळे लागत नाहीत. त्यांचे हात काठावरून खाली गेले आणि उलट बाजूच्या उंचवट्यावर क्षणभर थबकले. पुन्हा चालायला लागले. मग पदर खांद्यावरून घेताना त्यांचं बोट सरळ त्या टाक्यांवर गेलं आणि तिथंच राहिलं. बाहेर कोणाच्या तरी सायकलची घंटी वाजली. त्यांनी पदर खोचला.

"डाग?"

"जरासा फिका झाला."

"असं."

दुसऱ्या दिवशी जेवणाचा थाट. पुरण, वडे, आंबील, सोळा भाज्या. धुरात जायची मनाई म्हणून सासूबाई समोरच्या खोलीत पाटावर बसून सांगत होत्या आणि मी रांधत होते. मी सुती पातळ नेसले होते, सकाळीच धुऊन, कोणाला शिवू न देता वाळवलेलं. माझ्याकडे दुसरं होतं काय?

खोलीतून आवाज आला. "काहून वो, कोसा नाही नेसली तू? सळसळ नाही येऊन राहिली."

कढईतला वडा माझ्या झाऱ्यातून निसटला. "तेल उडते ना आत्याबाई. भेव लागते खराब व्हाचं."

"हो. कोशाले भ्यावंच," त्या म्हणाल्या.

दुपारी जेवायला शेजारच्या क्वार्टरमधल्या काकू आल्या. त्यांची नजर म्हणजे घारीची. बसता बसताच म्हणाल्या, "अगं बाई, लुगडं नवं घेतलं वाटतं! मागल्या वर्षीचा काठ रुंद होता ना?"

माझ्या हातात आंबिलीचा वाडगा होता. मला वाटलं आता सगळं सगळ्यांदेखत उघडं पडणार. हे ताटावरून वर बघेनात.

सासूबाई म्हणाल्या, "नवं कायचं? जुनंच हाय. सुनेनं धुतलं यंदा, म्हणून नव्यासारखं वाटते."

काकूंनी माझ्याकडे कौतुकानं पाहिलं. माझ्या अंगातला ताण एकदम सैल झाला, इतका, की मी त्यांना आग्रह करून करून आंबील वाढली. वाचले, मनात म्हटलं. सांगते ते खरं, त्या दुपारी मी पोटभर जेवले. पाच दिवसांत पहिल्यांदा.

तिसऱ्या दिवशी महालक्ष्म्यांना निरोप दिला. मुखवटे उतरले, पेटीत गेले. हे कामावर गेले. सासूबाईंनी मला आत बोलावलं. लुगडं सोडून त्या साध्या पातळात बसल्या होत्या आणि तो कोसा मांडीवर घेऊन हातानंच चाचपत घडी घालत होत्या. काठाला काठ, अगदी काकांसारखी.

"हे घे तुहं," त्या म्हणाल्या. "अन् आता माहं आण."

मी उभीच राहिले.

"माह्या टाक्याले गाठ नसते. गाठ कापडाले टोचते, म्हणून म्या धागा उलटा नेऊन दाबून टाकते. तुही गाठ पयल्याच दिवशी बोटाले लागली." त्यांनी घडी माझ्या दिशेनं पुढं केली. "पट्टी डोळ्यावर होती पोरी. हातावर नव्हती."

"मंग तुम्ही बोलल्या काहून नाही?"

"महालक्ष्म्या घरात होत्या. त्यांच्यापुढं सुनेले खोटी पाडू? तू खोटं बोलली, त म्याबी बोलली. आता दोघीले मिळून भोगा लागन. जा, आण."

मी पलंगाखालून पिशवी काढली आणि त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी हात घातला. सळसळ नाही, अंग नाही. पदर शोधताना तो त्यांच्या बोटांत आणखी फाटला. त्यांनी हात लगेच मागे घेतला, जणू कापडालाच दुखलं असेल. मग पुन्हा हळूच वर ठेवला. बराच वेळ त्या त्याच्यावरून हात फिरवत राहिल्या, आणि पट्टीच्या खालच्या कडेनं पाणी गालावर आलं.

"आत्याबाई, डोळा! डॉक्टरनं सांगितलं—"

"राहू दे डोळा." त्यांनी पातळाच्या पदरानं गाल टिपला. "सोड्यात टाकलं?"

"हो."

"डागासाठी?"

"हो."

"लुगडं गेलं ते गेलं. तू येऊन सांगितलं असतं त म्या रडली असती, दोन शिव्या देल्ल्या असत्या, अन् झालं असतं. तू मले तीन दिवस आपल्याच घरात चाचपत ठेवलं."

मी त्यांचे पाय धरले. त्यांनी उठ म्हटलं, पण जवळ घेतलं नाही. घ्यायलाच हवं होतं असंही नाही.

डोळा वाचला. त्यावर एक पांढुरका ठिपका राहिला, आणि त्या रडण्यामुळे राहिला की पात्यामुळे, हे मी डॉक्टरांना विचारायला कधीच धजले नाही. पुढच्या वर्षी मी काकांकडून त्यांच्यासाठी तसंच रुंद काठाचं लुगडं विणवायचं काढलं, तर म्हणाल्या, "नोको. मले धुतलेलं पातळ चालते." आणि खरंच, त्यानंतर त्या कोसा नेसल्या नाहीत. पण दर भाद्रपदात माझा कोसा मात्र त्याच धूत. मी रिठे भिजत घालायला उठले की म्हणत, "तू राहू दे." पहिल्याच वर्षी त्यांनी माझे ते टाके उसवून, गाठ काढून टाकून, आपल्या पद्धतीनं पुन्हा घातले. त्यांना एका डोळ्यानं सुई ओवताना मी पाहत होते. ओवू का, असं विचारायची छाती झाली नाही. माझं काम पुन्हा तेच, वाळत घालताना दुसरं टोक धरायचं. त्या रागावलेल्या नव्हत्या. माझ्याशी हसत, बोलत, माझ्या बाळंतपणात रात्रंदिवस राबल्या. फक्त ते कापड माझ्या एकटीच्या हाती देत नव्हत्या, आणि तेवढ्यावरून मला दर वर्षी कळायचं की ते तीन दिवस अजून सरले नाहीत.

असं सहासात वर्षं चाललं. ऐंशीचं दशक निम्मं सरलं असेल तेव्हा त्यांना लकव्याचा झटका आला. उजवा हात कामातून गेला. डावा थरथरायचा. त्या वर्षी भाद्रपद आला तशी मी वाट पाहत राहिले. विचारायचं नाही असं ठरवलं होतं. चार दिवस उरले तेव्हा खाटेवरून आवाज आला.

"रिठे भिजू घाल."

मी घातले. दुसऱ्या दिवशी कुस्करले, गाळले. पाण्यात हात घालून घालून पाहिला, कोमट आहे ना, जास्त नाही ना. दाबलं, उचललं. दोन पाण्यांतून काढलं. धोतरात गुंडाळलं. दुसरं टोक धरायला कोणी नव्हतं, म्हणून ते एकटीनंच दोरीवर चढवायला गेले, आणि भिंतीतल्या खिळ्याला काठ अटकला. मी सोडवला, पण काठालगतचा एक धागा ओढला जाऊन बारीक फट पडली होती. डोळ्याला न दिसेल इतकी. बोटाला मात्र लागेल.

मी तशीच, ओल्या हातांनी, त्यांच्या खाटेजवळ गेले.

"आत्याबाई, धुऊन झालं. पण खिळ्याले अटकून काठाजवळ एक धागा ओढला गेला. माह्यानं झालं." वाळल्यावर आणून दाखवते, असंही मी म्हटलं. त्यांनी डावा हात पुढं करून पाहावं अशी माझी फार इच्छा होती.

त्यांनी हात पांघरुणाबाहेर काढला नाही. माझ्याकडे नुसतं पाहिलं, त्या ठिपक्याच्या डोळ्यानंही.

"आणू नोको. तू सांगितलं ना," त्या म्हणाल्या. "वाळलं की टाका घालजो. गाठ देऊ नोको."

आणि कूस बदलून निजल्या.